पडवीचे चार खांब : हातहत्यारांनी सांगाडा उभा करतानाच्या नोंदी

कुडाळजवळच्या आमच्या गावातल्या घराची पुढची पडवी उतरवून पुन्हा उभी करायची आहे. तीन खण, चार खांब, लांबी २५ फूट. वरती मंगळुरी कौलं. पाइप आणि पत्रा घालून आठ दिवसांत मोकळी हो, असं जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाने सुचवलं. मला ती लाकडातच हवी आहे, आणि सांधे स्वतःच्या हाताने कापायचे आहेत. गावातले सुतार आबा आठवड्यातून दोन दिवस येऊन शिकवायला तयार झाले आहेत. बाकीचे दिवस मी एकटी. याआधी मी एक स्टूल आणि दोन फळ्या, एवढंच लाकूडकाम केलं आहे. असंच काम काढायच्या विचारात जे असतील त्यांच्यासाठी या नोंदी ठेवते.

७ जानेवारी २०२४

कौलं उतरवून मागे रचली आणि सगळं लाकूड पेचकसाने टोचून पाहिलं. पहिला आणि चौथा खांब तळाचे काही इंच सोडले तर ठणठणीत. दुसरा आणि तिसरा तळापासून दोन फुटांपर्यंत पोकळ, आत वाळवीची माती. पुढची तुळई मधोमध कुजलेली, कारण तिथलं कौल कित्येक वर्षं फुटकं होतं. सतरा वाशांपैकी अकरा चांगले निघाले.

खांब कुजले कशाने, हे आबांनी जमीन उकरल्यावर कळलं. मूळ खांब तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभे होते आणि तळखडा जमिनीच्या वर होता. पुढे कधीतरी शेणाची जमीन काढून काँक्रीट आणि लाद्या घातल्या. त्यात जमीन तळखड्याच्या डोक्याच्याही पाच इंच वर आली आणि तळखड्यासकट खांबांचे पायही सिमेंटमध्ये गेले. पावसाचं पाणी त्या खळग्यात साचून राहायचं. ऐंशी वर्षं टिकलेलं लाकूड त्यानंतर पंचवीस वर्षांत संपलं. त्यामुळे नुसते खांब बदलून भागणार नाही. लाद्या फोडून नवे तळखडे बसवायचे आणि त्यांची डोकी लादीच्या दोन इंच वर ठेवायची. जुने दोन खांब तळाशी सात इंच कापले की बरोबर बसतात, आणि तेवढा भाग तसाही खराबच होता.

१४ जानेवारी

लाकूड जमवलं. आमच्या परड्यातला फणस १६ मे २०२१ ला तौक्ते वादळात पडला. त्याचा साडेनऊ फुटांचा ओंडका तेव्हापासून दगडांवर, छपराखाली ठेवलेला होता. फणस वृक्षतोड नियमनाच्या १९६४ च्या कायद्यातल्या अनुसूचित झाडांत येतो. म्हणून वादळानंतरच्या पंचनाम्याचे आणि वाहतुकीचे कागद आधी हातात घेतले, मगच ओंडका आरागिरणीत नेला. दोन खांब, सहा वासे आणि काही ठोकळे निघाले. ने-आण आणि कापणी धरून ₹३,४००.

तुळईएवढी सरळ लांबी फणसात मिळत नाही. एका मोडलेल्या घराच्या सागाच्या दोन तुळया मिळाल्या, एक १८ फूट आणि एक १० फूट, दोन्ही ५ बाय ६ इंच. दोन्ही मिळून ₹१२,०००, टेंपो ₹१,८००.

२१ जानेवारी

आठवडाभर एकही सांधा कापलेला नाही. सगळा वेळ धार लावण्यात गेला.

दीड इंची, एक इंची आणि अर्धा इंची पटाशी (रुंद सपाट छिन्नी), विंधणं (खाचा कोरायची जाड छिन्नी), करवत, गिरमिट (भोकं पाडायला) आणि निसणा (धार लावायचा दगड) अशी खरेदी ₹४,८५० ची झाली. रंधा, वाकस (लाकूड तासायचं हत्यार), खतावणी (कडेला समांतर रेघ आखायला) आणि गुण्या (काटकोन पाहायला) आबांचे. नवीन पटाशी दुकानातून धार लावूनच येते असा माझा समज होता. आबांनी ती उलटी करून पाठ दाखवली. पाठ मधे उंच होती. अशा पटाशीला कितीही धार लावा, ती लाकडात सरळ उतरत नाही. तीन पटाश्यांच्या पाठी निसण्यावर सपाट करायला चार दिवस लागले. त्यानंतर धारेचे दोन दिवस, कारण मी कोन पुन्हा पुन्हा गोल करत होते. हात खांद्यातून हलवायचा आणि मनगट ताठ ठेवायचं, हे जमल्यावर कोन टिकला.

परीक्षा अशी: पटाशी अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवली तर ती घसरता कामा नये. दुसरी परीक्षा लाकडाच्या आडव्या तोंडावर, म्हणजे जिथे रेषे तुटलेले दिसतात तिथे. काप काचेसारखा आला तर धार आहे. भुसा निघाला तर नाही.

२८ जानेवारी

आंब्याच्या तुकड्यांवर सराव. खांबाच्या डोक्यावरचं जे जिभेसारखं टोक तुळईच्या खाचेत शिरतं ते कुसू. आमचं कुसू दीड इंच जाड आणि तीन इंच लांब. पहिली तीन वाया गेली. एक खाचेत खडखडलं, दुसरं तिरकं, तिसऱ्याचे खांदे, म्हणजे कुसवाच्या बुडाशी तुळईला टेकणारे भाग, एका पातळीत नव्हते.

आबा करवतीकडे पाहत म्हणाले, “रेघ खाव नको गो बाय. अर्धी रेघ लाकडार रवाक व्हयी.” म्हणजे अर्धी रेघ लाकडावर राहायला हवी. मी रेघेच्या मधोमध कापत होते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून करवतीच्या पात्याच्या जाडीएवढं कुसू बारीक होत होतं. करवत रेघेच्या बाहेर ठेवायची, उरलेलं पटाशीने काढायचं. दुसरी सुधारणा: सरळ खाली न कापता आधी एका कोपऱ्यातून तिरपं, मग फिरवून दुसऱ्या कोपऱ्यातून, आणि शेवटी मधला भाग. दोन्ही काप पुढच्या कापाला वाट दाखवतात. पेन्सिलीऐवजी टोकदार सुरीने रेघ मारली की पटाशीला टेकायला कड मिळते. हे तिन्ही कळल्यावर पाचवं कुसू घट्ट बसलं.

४ फेब्रुवारी

फणस वाळलेला नाही. पावणेतीन वर्षं छपराखाली होता म्हणून मी निश्चिंत होते. पण ओंडका साल न काढता अख्खाच ठेवला होता, त्यामुळे आतलं पाणी आतच राहिलं. गिरणीतून आला तेव्हाच खांब हाताला थंड लागत होता, मी तिकडे लक्ष दिलं नाही. वर त्याला लवकर वाळवायला म्हणून दोन दिवस उन्हात ठेवला, आणि एका खांबाला टोकापासून अकरा इंच चीर गेली. ज्यांच्याकडे वादळात पडलेलं झाड असेल त्यांनी ते लगेच चिरून, मधे काठ्या घालून रचून ठेवावं.

चीर गेलेलं टोक खाली घेतलं. साडेनऊ फुटांतले तीन फूट तसेही कमी होणार होते, म्हणून निभावलं. बाकीच्या टोकांना शेणमाती लिंपली आणि सगळं सावलीत, वारा खेळेल असं रचलं. दोन महिन्यांत पाच इंची खांब पूर्ण वाळणार नाही. आबांचं म्हणणं, खांब थोडा ओला चालतो, वरची तुळई वाळलेली हवी आणि सांध्यातून आडव्या ठोकायच्या लाकडी खुंट्या तर हाडासारख्या कोरड्या. कुसू आक्रसलं तरी खुंटी ते ओढून धरते.

११ फेब्रुवारी

दोन्ही नवे खांब वाकसाने आणि रंध्याने चौरस केले. पीळ पाहायला खांबाच्या दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने दोन्हींच्या कडा जुळवल्या. दुसऱ्या खांबाला तीन सूत पीळ होता (इंचाचे आठ सूत). तीन दिवस त्यातच गेले. वाकस पायाच्या इतक्या जवळून चालतो की आबांनी मला पहिले दोन दिवस तो रिकाम्या ओंडक्यावरच चालवायला लावला.

१८ फेब्रुवारी

सागाच्या तुळईत पहिली खाच कोरायला घेतली आणि एक इंची पटाशी खिळ्यावर बसली. पात्याला दीड सूत खाप पडली. घासून परत सरळ करायला एक पूर्ण दिवस. जुनं लाकूड घेणाऱ्यांनी आधी खिळे शोधावेत. मी आता मोडक्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून तुळईच्या चारही अंगांवरून फिरवते. सात खिळे सापडले, त्यांतले चार वरून दिसतही नव्हते. दिसत नसले तरी सागावर खिळ्याभोवती काळा डाग असतो, तोही पाहावा.

२५ फेब्रुवारी

या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची चूक आज सापडली, म्हणून सविस्तर लिहिते.

तुळईच्या खालच्या अंगावर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खांबासाठी खाचा कोरायच्या होत्या. मी प्रत्येक ठिकाणी कडेपासून अडीच इंच मोजून मध्य काढला. तिन्ही खाचा स्वच्छ निघाल्या, मी खूश होते. संध्याकाळी आबांनी १८ फुटी तुळईवर दोन्ही टोकांच्या मध्यांतून सूत, म्हणजे दोरा, ताणलं. दुसऱ्या खांबाची खाच दोऱ्यापासून तीन सूत बाहेर. तुळईची कड मधे बाहेर फुगलेली होती आणि मी फुगलेल्या कडेपासून मोजलं होतं. ती तशीच वर चढवली असती, तर दुसरा खांब ओळीतून बाहेर गेला असता किंवा ओळंब्यात उभा राहिला नसता.

आबा रागावले नाहीत. त्यांनी दोरा कावेत (लाल मातीच्या रंगात) बुडवला, तुळईभर ताणला आणि मधोमध उचलून सोडला. लाल रेघ उमटली. “आता कडेक विसर. ह्या सुतापासून मोज.”

जुन्या किंवा हाताने तासलेल्या लाकडाची कड सरळ नसतेच. एका लाकडावर एकच रेघ खरी धरायची आणि प्रत्येक खाच, प्रत्येक कुसू, प्रत्येक भोक तिच्यापासूनच मोजायचं. खांबांवरही मग मी मधोमध सूत मारलं, चारही अंगांवर. ओळंबासुद्धा खांबाच्या अंगाला न लावता त्या रेघेशी जुळवायचा.

दुरुस्ती: खाच लाल रेघेच्या बाजूला तीन सूत वाढवली आणि उलट्या बाजूला सागाची तीन सूत जाडीची पट्टी, रेषे उभे ठेवून, घट्ट ठोकून बसवली. ती कायम दिसणार आहे. दिसू दे. दुसऱ्या दिवशी पहिल्या आणि चौथ्या खाचाही तपासल्या, त्या टोकाजवळ असल्याने एका सुताच्या आत होत्या.

१० मार्च

दोन तुळयांचा सांधा तिसऱ्या खांबावर यायला हवा. अर्ध्याअर्ध्याचा सांधा, १८ इंच लांब: एका तुळईचा वरचा अर्धा कापायचा, दुसरीचा खालचा, आणि एकावर एक बसवायच्या. तुळईच्या डाव्या टोकापासून तिसऱ्या खांबाचा मध्य १६ फूट ६ इंचांवर.

मी लहान तुळई कापली ८ फूट ६ इंचांवर. हिशेब बरोबर वाटत होता: २५ वजा साडेसोळा. पण ते अंतर खांबाच्या मध्यापर्यंतचं. सांध्याची निम्मी लांबी, नऊ इंच, त्यात मिळवायची राहिली. करवत खाली आली, तुकडा पडला आणि मग लक्षात आलं. सागाची दहा फुटी तुळई पुन्हा मिळणारी नव्हती. त्या दिवशी काम बंद केलं. खरं सांगायचं तर दोन दिवस पडवीकडे फिरकलेच नाही.

१३ मार्च

उपाय निघाला. मोठी तुळई १८ फूट आहे आणि तिची गरज १७ फूट ३ इंचांचीच होती. ती न कापता पूर्ण वापरली तर लांबीचा मेळ बसतो. पण मग सांधा खांबाच्या मध्यापासून सुरू होऊन उजवीकडे दीड फूट अधांतरी जातो. त्याला खालून आधार हवा.

आबांनी जुन्या वाड्यांत असतो तसा हस्त सुचवला: खांबाच्या डोक्यावर आडवा ठोकळा, तीन फूट लांब, पाच इंच रुंद, चार इंच उंच. खांबाच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट पसरतो, म्हणजे अख्खा सांधा त्याच्यावर बसतो. फणसाचा ठोकळा होताच. तिसरा खांब चार इंचांनी आखूड केला, त्याचं कुसू हस्तात आणि हस्त तुळईला खुंट्यांनी. दोन दिवस जास्त गेले. लांबी मोजण्याआधी सांध्याचं चित्र जमिनीवर खडूने पूर्ण मापात काढलं असतं तर चूक तिथेच दिसली असती. आता प्रत्येक सांधा आधी लादीवर काढते.

२२ मार्च ते ३१ मार्च

शिमगा. पालखी घरोघर फिरते, आबा ढोलावर असतात. काम बंद. या काळात एकच केलं: खुंट्या. जुन्या सागाचे उरलेले तुकडे कुऱ्हाडीने रेष्यांच्या वाटेने फोडले आणि पटाशीने गोल केले. करवतीने कापलेल्या खुंटीत रेषे आडवे तुटतात, ठोकताना ती मधेच मोडते. २४ खुंट्या चुलीवरच्या माळ्यावर सुकत ठेवल्या.

७ एप्रिल

जमिनीवर सगळं जोडून पाहिलं. पहिल्या खांबाचे खांदे तुळईला टेकेनात, अर्ध्या सुताची फट. खांदे चुकले असं समजून ते तासायला घेणार होते. आबांनी थांबवलं आणि खाचेची खोली काडीने मोजायला सांगितली. कुसू खाचेच्या तळाला आदळत होतं. खाच कुसवापेक्षा दोन सूत खोल हवी, नाहीतर खांदे कधीच बसणार नाहीत. कुसू कापलं, फट गेली. दोन मिनिटांचं काम होतं. खांदे तासले असते तर खांबच आखूड झाला असता.

प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणा कोरल्या, एक रेघ, दोन रेघा अशा. कावेच्या खुणा हात लागून पुसतात.

९ एप्रिल, गुढीपाडवा

तळखडे गेल्या आठवड्यात बसले: काळ्या दगडाचे चार, प्रत्येकी ₹१,२००. जांभा पाणी शोषून धरतो, म्हणून तळखड्याला तो नको. लाद्या फोडण्याची मजुरी ₹२,०००.

सकाळी गुढी उभारली आणि मग खांब. तुळई चढवायला आठ माणसं, भावाने सगळ्यांना बोलावलं होतं. मोठी तुळई ऐंशी किलोच्या घरात असावी. दोन्ही बाजूंना बांबूच्या कैच्या (कात्रीसारखे टेकू) लावल्या आणि एका वेळी एकच टोक उचललं. कुसवं खाचांत उतरताना जो आवाज आला तो मी विसरणार नाही.

खुंट्यांची युक्ती: कुसवातलं भोक तुळईतल्या भोकाच्या समोर नेमकं न पाडता खांद्याच्या बाजूला एक सूत सरकवायचं. खुंटी आत जाताना कुसू वर ओढते आणि सांधा आवळतो. पहिल्या खांबाला मी दोन सूत सरकवलं होतं, खुंटी आतच मोडली. गिरमिटाने ती काढायला दीड तास गेला. बाकी सगळीकडे एक सूत, आणि खुंटीचं टोक लांब निमुळतं. सगळ्या बसल्या.

२१ एप्रिल

वासे. पहिल्या वाशाची खाच कापून त्यावरून साचा केला आणि पाच वासे एकदम कापले. चार बसले नाहीत, कारण घराची चिऱ्याची भिंत सरळ नाही. उरलेले एकेक करून जागेवर धरून आखले. न बसलेले ते चार खाचेत पातळ पाचरी घालून बसवले.

५ मे

काजूच्या टरफलाचं तेल आणलं होतं. वाळवीला ते चालतं म्हणून खांबांचे तळ आणि वाशांची भिंतीकडची टोकं त्यात माखायची ठरवलं. मी पातळ रबरी हातमोजे घातले होते, मनगटं उघडी. रात्री मनगटांवर फोड आले, डॉक्टरांकडे जावं लागलं, आठ दिवस हत्यार धरता आलं नाही. हे तेल कातडी जाळतं. कोपरापर्यंतचे जाड मोजे, पूर्ण बाह्या आणि डोळ्यांना चष्मा, एवढं नसेल तर डबा उघडू नये.

१९ मे

रीपांची, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्यांची, चूक. जुन्या कौलाचं माप घेऊन नऊ ओळी ठोकल्या. कौलं चढवताना चौथ्या ओळीपासून पुढे कौल रीपेला अडकेना. पलटून पाहिलं तर ठसे वेगवेगळे, दोन कारखान्यांची कौलं एकत्र रचलेली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यानंतर कितीतरी कारखाने निघाले, आणि प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक. आधी ठशांप्रमाणे कौलं वेगळी केली. एका जातीची पडवीला जवळजवळ पुरत होती, तिच्या मापाने सहा ओळी उपटून पुन्हा ठोकल्या. अडीच दिवस. कमी पडलेली चाळीस कौलं त्याच ठशाची शोधून आणली, ₹१,४००.

९ जून

पाऊस लागला. पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन बाहेर उभी राहिले. तळखड्यांवरून पाणी बाहेर वाहतं, खांबाच्या पायाशी थांबत नाही. एका ठिकाणी कौलातून थेंब पडत होता, कौल बदललं.

खर्च: लाकूड, वाहतूक आणि कापणी ₹१७,२००. हत्यारं ₹४,८५०. तळखडे आणि फोडकाम ₹६,८००. रीपा ₹४,९५०. कौलं ₹१,४००. तेल ₹९००. आबांचे ३१ दिवस, ₹९०० प्रमाणे, ₹२७,९००. पाडव्याचं जेवण ₹१,५००. एकूण ₹६५,५००. माझे १०४ दिवस, त्यांतले चुका निस्तरण्यात आणि बरं होण्यात गेलेले साधारण तीस.

दुसऱ्या खांबाचा खांदा तुळईपासून कागद जाईल एवढा सुटला आहे, फणस आक्रसतो आहे. आबांनी खुंटी पाहिली, ती ताठ आहे. दिवाळीत पुन्हा मोजायचं, आणि लागलंच तर खुंटी एक सूत पुढे ठोकायची. म्हणूनच तिचं शेपूट अजून कापलेलं नाही.